आसरांच्या पाण्यातला शब्द

डोंगरपिंपळी गावात खोटं बोलायला तशी कुठंच बंदी नव्हती. चावडीत बोला, पाथर्डीच्या बाजारात बोला, सोयरीक जुळवताना तर बोलावंच लागतं, त्याशिवाय पोरी उजवत नाहीत. फक्त एक जागा सोडायची. गावाच्या उगवतीला ओढा जिथं वळतो तिथं कातळातून पाणी झिरपतं. त्याचं गुडघाभर कुंड झालेलं, काठाला जुना उंबर आणि उंबराखाली शेंदूर फासलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवी. तिथं खोटं बोलणाऱ्याला आसरा सोडत नाहीत, असं गाव मानायचं. सोडत नाहीत म्हणजे काय करतात, हे मात्र कुणी नेमकं सांगत नसे, आणि त्यामुळंच भीती जास्त होती.

या जागेचा वचक असा, की उंबराच्या आसपास कुणी शेळीचा सौदासुद्धा करत नसे. खोटं न बोलता शेळी विकायची म्हणजे दिवाळंच की! पिऊन तर्र झालेला गडी शिव्या घालत वाटेनं यायचा, उंबराची सावली लागली की गप व्हायचा आणि ओढा ओलांडल्यावर राहिलेल्या शिव्या पुऱ्या करायचा. सासू-सुना पाण्याला आल्या तर तिथं एकमेकींचं कौतुक करत नसत. उगाच जोखीम कशाला घ्या?

गावात भांडण पेटलं आणि पंचांना उलगडेना, की मग पाण्यात उतरायचं. ज्याच्याकडं बोट असेल त्यानं कुंडात उभं राहायचं, ओंजळीत तेच पाणी घ्यायचं, विचारलेल्याचं उत्तर द्यायचं आणि ओंजळ पिऊन टाकायची. बोलावूनही जो उतरला नाही, त्याच्या नावानं गाऱ्हाणंवाल्यानं आपल्या लुगड्याची नाहीतर धोतराची चिंधी उंबराला बांधायची. ती गाठ ज्याची त्यानंच सोडायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आणि गाठ आहे तोवर त्या माणसानं ते पाणी तोंडात घ्यायचं नाही. बहुतेक गाठी आठ-पंधरा दिवसांत सुटायच्या, कारण गावात राहून आसरांशी वाकडं धरणं कुणाला झेपत नाही.

एकच गाठ अशी होती, की बांधली तेव्हा लग्नातल्या हिरव्या लुगड्याची होती आणि आता तिचा रंग कुणाला सांगता आला नसता. अठरा वर्षं ऊन-पाऊस खाऊन ती फांदीत रुतून बसली होती. ती भागिरथीची गाठ, तिचा धाकटा दीर सूर्यभान याच्या नावची.

भागिरथी या घरात आली तेव्हा घर बरं होतं. दोघे भाऊ, एक वावर, एक विहीर आणि डोक्यावर सासू आक्काबाई. नवरा रंगनाथ मवाळ माणूस, बैलालासुद्धा ‘चल बाबा’ म्हणणारा. लग्नाला चार वर्षं होतात न होतात तोच त्याला क्षयानं धरलं आणि त्याची खाट पडवीत पडली ती पडलीच. तो गेला आणि त्याच्यामागं काही महिन्यांनी भागिरथीला मुलगी झाली. बारशाच्या आधीच सूर्यभान चावडीत उभा राहिला आणि चार लोकांत म्हणाला, “दादा वरीसभर खाटंवरून उठला न्हाई. ही पोर दादाची न्हाई. जिची हाय तिनं उचलून न्यावी.”

एका वाक्यात त्यानं भावाची बायको रस्त्यावर काढली आणि भावाचं वावर घरात घेतलं. ओली बाळंतीण भागिरथी पोर पदराखाली घेऊन चावडीवर आली. पंचांकडं तिनं पाहिलंच नाही. ती दिराला म्हणाली, “भावजी, हेच बोलनं पान्यात उतरून बोला.” सूर्यभान उठला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी सांगावा धाडला तरी आला नाही. तेव्हा तिनं लग्नातल्या लुगड्याचा काठ टरकावून गाठ मारली.

तो उतरला नाही म्हणजे खोटं बोलला, पोर रंगनाथाचीच, हे गावानं तेव्हाच ओळखलं. पण ओळखून गप्प बसण्यात आपली गावं मोठी पटाईत. वावर सूर्यभानाकडं राहिलं, भागिरथीनं ओढ्यापलीकडं खडकाळीत खोपट घातलं, आणि पंच आपापल्या घरी जेवायला गेले.

आता गावाला जे ठाऊक नव्हतं ते. सूर्यभान चावडीत बोलला ते खरं होतं. पोर रंगनाथाची नव्हती. ती सूर्यभानाची होती.

सुगीचे दिवस होते. नवरा पडवीत खोकत पडलेला, सासू त्याच्या उशाशी, आणि खळ्यावर राखणीला भागिरथी एकटी. तिथं दीर आला. ती चावली, ओरडली, तिनं ओरबाडलं. पण खळं गावापासून लांब आणि तो अंगानं दुप्पट. सकाळी तिनं सासूला सांगितलं. आक्काबाई चुलीकडं बघत म्हणाली, “एक तर चाललाच हाय. आता दुसऱ्याला बी घालवू व्हय? घरातलं घरात ठेव, बाई.” भागिरथीनं ठेवलं. नवऱ्याला शेवटच्या दिवसांत हे ऐकवायला तिची जीभ उचलली नाही. आणि ज्याचं पाप तिनं पोटात ठेवलं, त्यानंच चावडीत सांगितलं, पोर दादाची नाही म्हणून! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

म्हणूनच तो पाण्यात उतरू शकत नव्हता. ‘पोर दादाची नाही’ एवढं तो छातीठोक बोलला असता. पण पाण्यात एकाच प्रश्नावर सुटका होत नाही. ‘मग कुणाची?’ असं कुणीतरी विचारलंच असतं.

त्यानंतर भागिरथीनं जे आयुष्य काढलं त्याला कष्ट म्हणावेत तर कष्ट, आणि पहारा म्हणावा तर पहारा. दिवाळी झाली की पोरीला घेऊन ती गाडीवाल्यांसोबत राहुरीकडं ऊसतोडीला जायची. पाडव्याच्या सुमाराला परतली, की डोक्यावरचं बोचकं खाली ठेवायच्या आधी उंबरापाशी जाऊन गाठ बघायची. गाठ असायचीच. तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती, खुद्द सूर्यभानाचीसुद्धा नाही.

सूर्यभानाची तर गंमतच होती. त्याचं वावर ओढ्याच्या पल्याड. सरळ वाट उंबराखालून जाते, विडी संपायच्या आत माणूस पोचतो. हा गडी टेकडीला वळसा घालून जायचा. औत घेऊन जायचा तरी वळसा, कडब्याची गाडी आणायची तरी वळसा. बैल बिचारे दर वेळी सरळ वाटेकडं तोंड करायचे आणि हा त्यांची वेसण ओढून त्यांना टेकडीकडं वळवायचा. खोपटाच्या दारात बसून भागिरथी हे बघायची. “फिरा भावजी, फिरा,” असं पुटपुटायची आणि त्या दिवशी तिला भाकर गोड लागायची. जागेला शक्ती असते की नाही, यावर शिकलेल्यांनी खुशाल वाद घालावा. एका धडधाकट माणसाला या जागेनं अठरा वर्षं टेकडीभोवती फिरवलं, एवढं तर गावाच्या डोळ्यांपुढं होतं.

अवसेला ती आसरांना शेंदूर लावायची आणि दर वेळी एकच मागायची. “त्येला मारू नका. मेला तर सुटला. जित्ता ठेवा आन् पान्यात उभा करा.” तो तिथं उभा आहे, सगळं गाव काठावर आहे, आणि तो स्वतःच्या तोंडानं सांगतोय, की पोर माझी, मी बळजबरी केली. हे चित्र तिनं इतक्यांदा मनात पाहिलं होतं, की त्यातला कोण माणूस कुठं उभा आहे हेसुद्धा तिला पाठ होतं.

मग बहात्तर साल आलं. आदल्या वर्षीही पाऊस धड नव्हता, या वर्षी तर त्यानं पाठच फिरवली. गावातल्या विहिरी एकेक करून उघड्या पडल्या. ज्या विहिरीच्या जोरावर सूर्यभान आसरांच्या पाण्यावाचून राहत होता, तिच्या तळाला पोरं गोट्या खेळायला लागली. बाया-गडी सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे आणि सरकारनं दिलेली सुकडी खाऊन दिवस ढकलायचे. पण आसरांचं पाणी आटलं नाही. करंगळीएवढी धार, पण ती चालू राहिली. बाया वाटीनं पाणी भरून घागरी भरायच्या, रांग ओढ्याच्या काठानं लांब जायची, आणि एवढ्या तहानलेल्या रांगेतही तिथं भांडण व्हायचं नाही.

सूर्यभानाच्या घरात मात्र दोन माठ झाले. एक पोराबाळांचा, आसरांच्या पाण्याचा. दुसरा एकट्या सूर्यभानाचा. त्यातलं पाणी त्याची बायको राहीबाई शेजारच्या गावाहून दोन कोस चालून आणायची, कारण गाठवाल्यानं ते पाणी प्यायचं नाही. पहिला महिना तिनं मुकाट्यानं काढला. नंतर तिनं रांगेतल्या बायांपुढं तोंड सोडलं, अर्थात ओढा ओलांडून. “चावडीत बोलायला जीभ वळली, मंग पान्यात का न्हाई वळत? ह्यांच्या एका घशापायी माझ्या टाचा फुटल्या!” बाया हसल्या. राहीबाई हसली नाही.

बायकोचं एक वेळ परवडलं असतं, पण आता गावही बोलायला लागलं. आसरांची दिवाबत्ती करणारा सहादू गुरव एके दिवशी खडीच्या ढिगावर बसून म्हणाला, “अठरा वरसं आसरांच्या म्होरं गाऱ्हानं लटकतंय. पाऊस पडंलच कसा?” झालं! सगळा मुलूख करपला होता, पार सोलापूर-बीडपर्यंत गवताची काडी नव्हती. पण डोंगरपिंपळीच्या माणसांना खात्री पटली, की हे सगळं सूर्यभानामुळंच. लोक त्याच्याशी तुटक वागू लागले. विडी मागितली तर काडीपेटी सापडेनाशी झाली. भागिरथी हे ऐकायची, बघायची, आणि हातोडी जरा जोरात मारायची.

याच दिवसांत भागिरथीच्या पोरीला, पुष्पावतीला, मागणी आली. पोरगी आता अठराची, कामाला वाघीण. कर्जतकडचे कारभारी नावाचे गृहस्थ तिला ऊसतोडीवर दोन हंगाम बघत होते. बन्सीला, त्यांच्या मुलाला, हीच करायची असं त्यांनी मनात धरलं होतं. ते स्वतः आले, खोपटात बसले, कोरा चहा प्याले. पण गावात शिरताना कुणीतरी त्यांच्या कानाशी लागलं होतंच. माणूस सरळ होता. म्हणाला, “बाई, पोरगी आमाला पसंत हाय, हुंडापांडा नको. पर तिच्या चुलत्यानं जे चावडीत म्हनलं, ते माझ्या भावकीला कळल्याबिगर ऱ्हानार न्हाई. चुलत्यानं पान्यात उभं ऱ्हाऊन सांगावं, पोर रंगनाथाची हाय. त्येवढ्यावर मी अक्षता टाकायला तयार हाय.”

ते गेल्यावर पुष्पावती दारात उभी राहिली. आईकडं न बघता तिनं विचारलं, “आई, मी माझ्या बापाचीच हाय ना गं?”

दारातून उंबर दिसत होता. भागिरथीनं पोरीचा हात धरून तिला आधी आत नेलं, कुडाच्या पाठीमागं बसवलं, आणि मग म्हणाली, “व्हय गं माझी बाय. दुसऱ्या कुनाची असशील?”

पोरीचं समाधान झालं. भागिरथीच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. अठरा वर्षं तिनं आसरांकडं खरं मागितलं होतं, आणि आता ते खरं बाहेर पडलं तर पहिल्यांदा तिच्या पोरीला जाळणार होतं. सूर्यभान पाण्यात उभा राहिलाच, तर त्यानं खोटं बोलावं अशी वेळ तिच्यावर आली होती. ज्यानं आपला जन्म नासवला त्याच्याकडं पुन्हा आपणच खोटं मागायचं! ती उंबराखाली जाऊन बसली. आसरांना काही म्हणाली नाही. रुसलेल्या माणसानं शेजाऱ्याच्या ओट्यावर बसावं तशी नुसती बसून राहिली.

बसल्या बसल्या तिच्या डोक्यात उजेड पडायला लागला. समजा, तो खरं बोलला. मग काय होईल? लोक महिनाभर थुंकतील, बायको दोन दिवस माहेरी जाईल. मग कुणीतरी म्हणेलच, ‘काही म्हना, पान्यात उतरून गडी खरं बोलला.’ गडीमाणसाचं पाप गाव लवकर धुऊन टाकतं. आसराही सोडतील, कारण खरं बोलणाऱ्याला त्या काही करत नाहीत. म्हणजे खरं बोलून तो मोकळा होणार आणि पोर जन्माची घरी बसणार. आणि खोटं बोलला तर? पोर सुखानं नांदेल. आणि हा, जो साध्या उंबराच्या सावलीला अठरा वर्षं भ्याला, तो आसरांच्या पाण्यात उभा राहून, त्यांचंच पाणी पिऊन खोटं बोललेला असेल. तेही सगळ्या गावापुढं, स्वतःच्या तोंडानं. भागिरथी उठली तेव्हा तिचे गुडघे दुखत होते, पण मन कधी नव्हतं इतकं हलकं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत सूर्यभानच तिच्याकडं आला. खडीच्या ढिगाआड बाकीचे भाकरी खात होते. एका हाताचं अंतर ठेवून तो बसला. अठरा वर्षांत तो इतक्या जवळ आला नव्हता. केस पिकले होते, ओठ सुकून चिरले होते.

“वैनी,” तो म्हणाला, “पोरीची सोयरीक आलीय म्हनं. मी सांगतो पावन्यांना. दादाची हाय म्हनून सांगतो. चावडीत सांगतो, पंचांम्होरं सांगतो. तू तेवढी गाठ सोड.”

“चावडीत न्हाई. पान्यात.”

“पान्यात कसं सांगू? तुला ठाव हाय की.”

“मला ठाव हाय,” भागिरथी म्हणाली. “आन् तुमाला बी ठाव हाय. सासूबाई गेल्यावर आपल्या दोघांबिगर कुनाला न्हाई. म्हनूनच पान्यात.”

सूर्यभानानं घाम पुसला. “मंग... खरं सांगू?”

“सांगा की. तुमची बायको काठावर आसंल, तुमची लेकरं आसतील. त्येंच्याम्होरं खळ्यावरची रात सांगा.” ती त्याच्याकडं पाहत राहिली. त्याची मान खाली गेली. “तेवढी हिंमत आसती भावजी, तर माझी पोर बारा दिसांची बी नव्हती तवाच सांगितलं असतं. जमत न्हाई ना? मंग मी सांगते तसं बोला. न्हाईतर ती गाठ मी मेल्यावर बी तिथंच ऱ्हाईल, आन् मंग सोडनारं कोन नसंल. फिरत बसा टेकडीला.”

हातातला खडा ढिगावर टाकून तो उठला. पुढचे चार-पाच दिवस त्यानं टाळाटाळ केली. पोटात कळ आली म्हणाला, पाय मुरगळला म्हणाला. शेवटी राहीबाईनं त्याचा माठ उचलून अंगणात फोडला आणि सांगितलं, “आजपासून तुमचं पानी तुमी आना.” त्या दिवशी त्यानं सहादूला निरोप दिला.

सकाळच्या उन्हात सगळं गाव ओढ्यावर जमलं. कर्जतहून कारभारी आले होते, सोबत दोन भाऊबंद. त्या जागेवर एरवीही आवाज दबतो, त्या दिवशी तर लहान पोरंही कडेवर गप्प होती. उंबराचं पान हलत नव्हतं. सहादूनं सात दगडांना हळदकुंकू वाहिलं आणि सूर्यभानाला खूण केली. तो पायताणं काढून पाण्यात उतरला. जेमतेम घोट्याएवढं पाणी, पण डोहात शिरल्यासारखा एकेक पाय चाचपत होता. त्यानं ओंजळ भरली.

विचारायचा मान गाऱ्हाणंवाल्याचा. काठावरच्या खडकावर उभी राहून भागिरथीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “सूर्यभान भावजी,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “माझी पुष्पावती कुनाची पोर हाय?”

सूर्यभानानं एकदा दगडांकडं पाहिलं. मग एका दमात म्हणाला, “ती आमच्याच रक्ताची हाय.”

लोकांनी श्वास सोडला. सहादूनं घंटा वाजवायला हात वर केला, कारभाऱ्यांनी मान डोलावली. एवढ्यावर भागलं असतं. पण भागिरथीनं दिराचा चेहरा पाहिला. तो सुटल्यासारखा दिसत होता. कसा नसेल? शब्द तर खराच होता. खोटं न बोलता निसटायची फट त्या बेट्यानं रात्रभर जागून शोधून काढली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“थांबा सहादूबाबा,” ती म्हणाली. “भावजी, रगत सगळ्या भावकीचं एकच असतं. मी बाप विचारला. बापाचं नाव घ्या.”

“तेच की, वैनी...”

“नाव घ्या.”

कुणीतरी मागून म्हणालं, “घे की रं नाव, त्यात काय?” राहीबाई पदर तोंडात धरून बघत होती. पुष्पावती आईच्या मागं उभी होती, तिचे डोळे काकावर खिळलेले. सूर्यभानाच्या ओंजळीतून पाणी निथळायला लागलं. त्याला ती पुन्हा भरावी लागली. त्याचे पाय असे लटपटत होते, की कुंडात लाटा उठत होत्या. जाणती माणसं एकमेकांना हळूच म्हणाली, “बघा, अंगात आसरा आल्यात.” एवढं थरथरत बोलणारा माणूस खोटं बोलेल का, असंच सगळ्यांना वाटलं.

“पुष्पावती,” सूर्यभान म्हणाला आणि थांबला. “पुष्पावती माझ्या रंगनाथदादाची पोर हाय.”

“आन् तुमच्या दादाचं वावर?” भागिरथीनं विचारलं.

“निम्मं... तिचं हाय.”

“प्या आता.”

तो प्याला. अर्धं पाणी छातीवर सांडलं, अर्धं ठसक्याबरोबर नाकातून आलं. सहादूनं घंटा वाजवली. लोक ओरडले, कारभाऱ्यांनी पुष्पावतीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बायांना रडायला निमित्त मिळालं. भागिरथी फांदीपाशी गेली. गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा तिनं ती दातांनी सोडवली. सगळे पांगले तरी सूर्यभान पाण्यातच उभा होता. सहादूनं त्याला हाताला धरून बाहेर काढलं.

लग्न झालं. बाप नसलेल्या पोरीचं कन्यादान चुलत्यानं करायचं, तसं सूर्यभानानंच केलं. पुतणीचा हात म्हणून त्यानं स्वतःच्या लेकीचा हात बन्सीच्या हातात दिला. तेव्हा भागिरथी त्याच्या समोरच उभी होती. पुष्पावती वाकून त्याच्या पाया पडली, म्हणाली, “काका, तुमच्यामुळं झालं.” त्यानं तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, पण तो तसाच राहिला.

पुढच्या मृगाला पाऊस आला आणि चांगला आला. गाठ सुटली म्हणून आला असं गाव म्हणालं, आणि सूर्यभानाला लोक पुन्हा विडी द्यायला लागले. आता त्याला कसलीच अडचण नव्हती. गाठ नव्हती, ओढ्याचं पाणी मोकळं होतं, वाट मोकळी होती. तरी गडी टेकडीला वळसा घालूनच जायचा. राहीबाईला कळेना, याला आता काय झालं! त्याला काहीच झालं नव्हतं, हीच तर गोम होती. आसरांनी त्याला काही केलं नव्हतं. तो वाट बघत होता. बैल मेला तेव्हा त्याला वाटलं, हेच ते. पण बैल म्हातारा होता. पोरगा तापानं फणफणला तेव्हा त्यानं हाय खाल्ली. पोरगा चार दिवसांत उठून विटीदांडू खेळायला गेला. दरवाजा वाजला की दचकायचं, मांजर आडवं गेलं की बसून राहायचं. ताटावर बसला की घास हातात घेऊन तसाच थांबायचा. तो झुरत गेला. अंगावरचा सदरा लोंबायला लागला.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो भागिरथीच्या दारात येऊन बसला. ती आता निम्म्या वावराची मालकीण होती, दोन खणांचं घर बांधलं होतं. दारात सूप घेऊन ती मटकी निवडत होती. पुष्पावती बाळंतपणाला येणार होती, तिच्यासाठी मोड काढायचे होते.

“वैनी,” सूर्यभान म्हणाला, “मला झोप येत न्हाई.”

भागिरथी मटकी निवडत राहिली.

“काय व्हायचं ते हून जाऊ दे एकदाचं. पर कायच हुत न्हाई. त्या मला बगत्यात, वैनी. नुसत्या बगत्यात.” त्यानं हात जोडले. “मी खरं बोलतो. पान्यात उतरतो, सगळ्यांम्होरं बोलतो. खळ्यावरलं बी बोलतो. राही जाऊ दे, पोरं तोंडावर थुंकू देत. सहादू म्हनतो, कुनाचं गाऱ्हानं असल्याबिगर उतरता येत न्हाई. तू गाठ बांध. पाया पडतो तुझ्या, परत एकदा गाठ बांध माझ्या नावाची.”

जे अठरा वर्षं अवसे-अवसेला मागितलं होतं, ते आज तिच्या उंबऱ्यावर हात जोडून बसलं होतं. भागिरथीनं सुपातला एक खडा वेचला आणि अंगणात टाकला.

“गाऱ्हानं असंल तर गाठ बांधायची असती, भावजी,” ती म्हणाली. “माझं आता तुमच्यावर काईच गाऱ्हानं न्हाई.”